धवळ्यांच्या पानावरची जाहिरात

ती घटना आजही आठवते, असं लिहून सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची पद्धत आहे. मीही तसंच करतो, फक्त एक दुरुस्ती करून. बाकीच्या घटना मी आठवतो, ही मला नको असताना आठवते. दरोडे, अपहरणं, धरणाच्या पाण्यात सापडलेली एक गाडी, या सगळ्यांच्या गोष्टी मी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना मीठमसाला लावून सांगितल्या आहेत. ही कुणालाच सांगितली नाही, बायकोलाही नाही. तिच्यात ना रक्त सांडलं, ना कुणाला बेड्या पडल्या. स्टेशन डायरीत तिची जेमतेम दोन ओळींची नोंद आहे आणि त्याखाली माझी सही आहे.

तेव्हा मी अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या एका ठाण्यात वरिष्ठ पोलीस निरीक्षक होतो. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. आमच्या हद्दीत सगळंच होतं. एकीकडे कारखाने, एकीकडे सोनिवलीसारख्या गावांना लागून उठलेल्या नव्या इमारती, आणि बारवी धरणाच्या रस्त्याला लागलं की भाताची खाचरं आणि पाडे. त्यामुळे तक्रारीही सगळ्या तऱ्हेच्या यायच्या. टाकीच्या पाण्यावरून सोसायटीत मारामारी, बांध कोरल्यावरून भावाभावांत मारामारी, आणि पार्किंगवरून कुणाशीही मारामारी.

या सगळ्यात माझं नाव झालं होतं ते ‘समज देणारे साहेब’ म्हणून. गुन्हा दाखल न करता दोन्ही बाजूंना समोर बसवायचं, एकाला दम द्यायचा, दुसऱ्याला चहा पाजायचा, कागदावर सह्या घ्यायच्या आणि घरी पाठवायचं, याला आमच्याकडे समज देणं म्हणतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वाक्य मी दिवसातून चारदा तरी म्हणत असे. लोक खूश, वरिष्ठ खूश, ठाण्याचे गुन्ह्यांचे आकडे कमी. मला त्याचा अभिमान होता आणि तो मी लपवत नसे.

तर लग्नसराईचे दिवस होते. माझा एक जुना खबरी रिक्षा चालवायचा. त्याने सकाळी फोन करून सांगितलं की धरणाच्या रस्त्यावरच्या एका आगरी गावात काहीतरी शिजतंय. गावची एक मुलगी, जी आता आईबापांसोबत अंबरनाथला बुवापाड्यात राहते, तिने इंटरनेटवर गावच्या बायकांचे फोटो टाकलेत आणि त्याच्या शेजारी घाणेरड्या जाहिराती लावून पैसे कमावतेय, अशी बोलवा आहे. गावातली पन्नासेक माणसं तिच्या घरावर जायच्या बेतात आहेत.

मी लगेच गावकीच्या प्रमुखाला निरोप धाडला, की कुणाच्या घरावर जाण्याआधी ठाण्यात या. ते दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी आटोपते तोच हजर झाले. साठीचा माणूस, पांढराशुभ्र सदरा, बोलणं अदबीचं. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं. सोबत आठ-दहा जण होते, हातात तक्रार अर्ज होता, आणि अर्जाला जोडलेल्या तीन रंगीत प्रिंट होत्या. तीन वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या मोबाईलवर त्या वेबसाइटचा फोटो काढून छापून आणला होता. तिन्हींवर एकाच म्हाताऱ्या बाईचा फोटो होता, नऊवारी, कपाळावर भलं मोठं कुंकू. तिच्या खाली एका प्रिंटवर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात होती. दुसऱ्यावर ‘एकटे आहात का, मैत्रीण हवी का’ असं विचारणारी अर्धनग्न मुलगी होती. तिसऱ्यावर तिच्याहून वाईट काहीतरी होतं.

ती म्हातारी बाई म्हणजे गावची धवलारीण. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आगरी लग्नात मांडव घालण्यापासून हळद लागेपर्यंत प्रत्येक विधीला एक गाणं असतं, त्याला धवळे म्हणतात, आणि ते गाणारी जाणती बाई ती धवलारीण. भटजी नसला तर काही काळ थांबता येतं, पण धवलारीण आली नाही तर मांडवात पुढचं पाऊल पडत नाही, असा तिचा मान. भाऊंच्या स्वतःच्या दोन मुलींची लग्नं याच बाईच्या धवळ्यांनी लागली होती.

“साहेब, आमचे आयाबायांची इज्जत हाय ही,” भाऊ म्हणाले. “पोरीनी ती बाजारान मांडली. आमाला केस नको, कोर्ट नको. फकस्त बंद करा.”

केस नको, फक्त बंद करा. माझ्यासारख्या माणसाला याहून गोड वाक्य नव्हतं.

मी अर्ज चौकशीवर घेतला. चौकशीत पंचनामा लागतोच असं नाही, पण कागद वजनदार दिसावेत म्हणून मी तो केला. समोरच्या झेरॉक्सवाल्याला आणि रसवंतीवाल्याला पंच म्हणून बोलावलं. ठाण्याच्या संगणकावर इंटरनेट नेहमीप्रमाणे बंद होतं, म्हणून मी माझा स्वतःचा मोबाईल काढला आणि त्यावर ती वेबसाइट उघडली. पान उघडलं, म्हातारीचा फोटो आला, आणि त्याखाली मर्दानी ताकदीच्या गोळ्यांची जाहिरात, सोबत एक बाई, जिच्या अंगावर कपडे असून नसल्यासारखे. दोन्ही पंच जमिनीकडे बघायला लागले. मला संताप आला. एवढ्या मानाच्या बाईच्या पायाशी हे? मी तपशीलवार पंचनामा लिहवून घेतला. पानाच्या वरच्या भागात अमुक, मधल्या भागात तमुक, जाहिराती एकूण चार. पंचांच्या सह्या, माझी सही, शिक्का.

मुलीला दुपारी बोलावलं. चोवीस-पंचवीसची, एका औषध कंपनीत पॅकिंगला होती. बाप कारखान्यात कामगार, तो सोबत आला होता आणि त्याच्या कपाळावरचा घाम पुसून संपत नव्हता. नियमाप्रमाणे महिला शिपाई बसवली. एक गोष्ट मला तेव्हाच दिसायला हवी होती. मुलगी तिचा लॅपटॉप स्वतःहून घेऊन आली होती. तिला वाटलं होतं, पोलिसांना वेबसाइटची माहिती हवी आहे.

मी पंचनामा आणि प्रिंट तिच्यासमोर टाकल्या. ती आधी लाजली, मग घाबरली, मग समजावून सांगायला लागली. म्हातारी तिची सख्खी आजी. तीन उन्हाळे तिने आजीच्या पुढ्यात मोबाईल धरून धवळे रेकॉर्ड केले होते, साठेक असतील. प्रत्येकाखाली ओळी लिहिल्या होत्या, अर्थ दिला होता, कोणत्या विधीला कोणता ते सांगितलं होतं. मग आजीला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची वाचा गेली. आता जे होतं ते त्या वेबसाइटवरच होतं. मुलीचा जुना मोबाईल भरला की ती रेकॉर्डिंग साइटवर चढवायची आणि मोबाईलमधून काढून टाकायची. वेबसाइटच्या जागेचं वर्षाचं भाडं निघावं म्हणून तिने एका परदेशी कंपनीचं जाहिरातींचं टूल जोडलं होतं.

हे सगळं तिने मला सांगितलं. मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

मी विचारलं, या जाहिराती कुणी लावल्या? तिने ठाम सांगितलं, मी नाही. मी खुर्ची पुढे ओढली. चाळीस टक्के गुन्हेगार पहिलं उत्तर हेच देतात आणि उरलेले साठ टक्के दुसरं उत्तर हेच देतात, असं मी नव्या पोरांना शिकवत असे.

“साहेब, ॲड मी सिलेक्ट नाही करत,” ती म्हणाली. “मी फक्त पानावर जागा देते आणि त्यांचा कोड टाकते. कुणाला काय दिसणार ते त्यांचं टूल ठरवतं. घाणेरडे प्रकार मी सेटिंगमध्ये बंद केले होते. मागच्या महिन्यात त्यांचा अपडेट आला, त्यात ते परत चालू झाले. मी लगेच पुन्हा बंद केले, पण लागू व्हायला वेळ लागतो. हा बघा त्यांचा मेल.”

मेल इंग्रजीत होता, दोन पानांचा. मी तो वाचला नाही. वाचला असता तरी कळला नसता, आणि कळला नाही हे एका पोरीसमोर कबूल करायची माझी तयारी नव्हती. मी तिला घरमालकाचा दाखला दिला. खोली भाड्याने दिली आणि आत जुगाराचा अड्डा चालला, तर पोलीस मालकालाही धरतात की नाही? जागा तुझी, भाडं तुला, मग जबाबदारी कुणाची? माझा हा युक्तिवाद मला फार आवडला. शेजारी उभ्या असलेल्या हवालदारानेही मान डोलावली. मुलीला त्याचं उत्तर देता येईना, आणि उत्तर देता येत नाही म्हणजे माणूस दोषी, हा आमच्या खात्यातला जुना रोग मलाही जडलेला होता.

बाहेर बाकावर भाऊ आणि त्यांची माणसं बसून होती. जेवणाची वेळ टळून गेली होती. मला ते प्रकरण त्या दिवशी, त्या माणसांच्या डोळ्यांसमोर मिटवायचं होतं. मी बापाला आत घेतलं आणि नेहमीचं सांगितलं. गुन्हा दाखल केला तर पोरीचं नाव लागेल, लॅपटॉप जप्त होईल, तारखा पडतील, नोकरी जाईल, उद्या लग्न जमायला अडचण येईल. त्यापेक्षा माफीनामा लिहून द्या, वेबसाइट बंद करा, विषय संपला. बाप हात जोडून म्हणाला, साहेब म्हणतील तसं.

मुलगी मात्र गप्प बसली नाही. ती म्हणाली, “बंद करते साहेब. पण मला दोन दिवस द्या. धवळे आधी खाली उतरवून घेते, मग सगळं काढून टाकते. आजीचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.”

दोन दिवस. मागून मागून पोरीने एवढंच मागितलं होतं. चोरालाही कोर्टासमोर उभं राहण्याआधी चोवीस तास मिळतात.

मी नाही म्हणालो. माझ्या डोक्यात काय आलं ते खरं सांगतो. एक, ही उतरवून घेणार आणि दुसऱ्या नावाने परत चालू करणार. दोन, दोन दिवसांत भाऊ पुन्हा येऊन बसणार. तीन, मी साहेब आहे आणि ही माझ्याशी घासाघीस करतेय. यातलं तिसरं कारण सगळ्यांत मोठं होतं.

लॅपटॉप माझ्याच टेबलावर उघडला. तिने तिच्या मोबाईलवरून इंटरनेट जोडलं. आमचा एक हवालदार संगणकातला जाणता होता. तो मागून म्हणाला, “साहेब, नुसतं डिलीट केलं तर ट्रॅशमध्ये पडून राहतं. तिथूनपण काढायला लावा.” मी तसं सांगितलं. तिने एकेक करून काढायला सुरुवात केली, बहुधा वेळ काढत होती. मी म्हणालो, एकदम काढ. तिने सगळे निवडले. मशीनने विचारलं, कायमचं काढायचं का, नंतर परत मिळणार नाही. मुलीने वळून माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

तिने माफीनामा स्वतःच्या अक्षरात लिहिला. अक्षर सुरेख होतं. मी तो बाहेर नेऊन भाऊंना वाचून दाखवला, त्यांनी मला वाकून नमस्कार केला, आणि मी सगळ्यांसाठी कटिंग चहा मागवला. स्टेशन डायरीत नोंद घातली. उभय पक्षांना समज दिली, अर्ज निकाली. त्या दिवशी मी घरी उशिरा पण पोटभर जेवलो.

प्रकरण तिथेच संपायचं, पण माझी एक खोड होती. जबाबात ज्याचं नाव आलं त्याला एकदा तरी ठाण्यात बोलवायचंच. मुलीने सांगितलं होतं की वेबसाइट उभी करायला उल्हासनगरच्या एका संगणकाच्या दुकानदाराने मदत केली होती. सिंधी माणूस, दुकानात मशीनही विकायचा आणि जीन्सच्या कारखानदारांना वेबसाइटीही करून द्यायचा. त्यालाही जरा दम देऊन ठेवावा म्हणून मी निरोप पाठवला. तो लग्नाला इंदूरला गेला होता, दहा-बारा दिवसांनी आला.

मी त्याच्यासमोर प्रिंट टाकल्या आणि विचारलं, मुलीला हे धंदे तूच शिकवलेस का. त्याने चष्मा कपाळावर चढवला, तीन प्रिंट एकमेकींशेजारी नीट मांडल्या, आणि मला विचारलं की हे तिन्ही फोटो एकाच पानाचे आहेत ना? मी म्हणालो, हो. एकाच दिवशी काढलेले? हो. मग तिन्हींवर जाहिरात वेगळी कशी?

पुरावा पहिल्या दिवसापासून माझ्या टेबलावर होता. तीन साक्षीदार एकाच भिंतीचं वर्णन करतात आणि भिंतीवर तिघांना तीन वेगळी चित्रं दिसतात, तर तपास भिंतीचा करायचा की साक्षीदारांचा? शिकाऊ फौजदारालाही हा प्रश्न पडला असता.

दुकानदाराने त्याचा मोबाईल काढून एका मराठी बातम्यांचं पान उघडलं. जाहिरात होती शिलाई मशीनच्या मोटारीची. तेच पान खोलीतल्या महिला शिपायाच्या मोबाईलवर उघडलं, तर लहान मुलांची दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्या दिसल्या. तिची मुलगी पहिलीत जाणार होती. मग त्याने माझ्याकडे हात पुढे केला. मी माझा मोबाईल दिला. तेच पान उघडलं आणि खाली माझ्या ओळखीच्याच त्या गोळ्या, ओळखीचीच ती बाई.

दुकानदार हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, “साईं, ये ॲड उस लडकी के वेबसाइट का नहीं है. ये आपके मोबाइल का है.”

मग त्याने मला एखाद्या पोराला सांगावं तसं सांगितलं. आपण मोबाईलवर काय शोधतो, काय बघतो, कुठे बोट जास्त वेळ थांबतं, याचा हिशोब ती टूलं ठेवतात. वेबसाइटवाला फक्त मोकळा फळा टांगून देतो. कधी पानावरच्या मजकुरावरून जाहिरात येते, कधी गावावरून, पण बहुतेकदा बघणाऱ्यावरूनच. मुलगी म्हणत होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं. अपडेटनंतर तिच्या सेटिंगचं दार थोडे दिवस उघडं राहिलं हेही खरं. पण त्या दारातून जे आत आलं ते आम्हीच पाठवलेलं होतं.

आता जे लिहितो ते लिहिताना आजही कान तापतात. त्याआधी महिनाभर मी मोबाईलवर काय शोधत होतो, ते मला ठाऊक होतं. या वयात पुरुषाला एक दुखणं होतं, ते तो डॉक्टरला सांगत नाही आणि बायकोला सांगायची गरज पडत नाही. मी दार लावून इंटरनेटला विचारलं होतं. त्याचं उत्तर दोन पंचांसमोर माझ्या टेबलावर उघडलं आणि मी ते एका पोरीच्या नावावर लिहून, वर शिक्का मारून मोकळा झालो. प्रिंट आणणारे तिघेही तसलेच. जुगाराची जाहिरात कुणाच्या मोबाईलवरची होती आणि मैत्रीण कुणाला हवी होती, हे मी नंतर ताडून पाहिलं, पण ते इथे लिहीत नाही. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, एवढं म्हणून पुरे.

दुसरा कुणी असता तर त्याने त्याच संध्याकाळी मुलीचं घर गाठलं असतं. मी तसं केलं नाही. मी दुकानदाराला गळ घातली की काहीही कर आणि ते धवळे परत मिळव. मला तिच्याकडे रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. माझ्या हातात रेकॉर्डिंग असावीत, मी ती तिला द्यावीत आणि तिने मला धन्यवाद म्हणावं, इथपर्यंत माझं मन धावलं होतं. दुकानदाराने मुलीला विचारून, तिच्याच खात्यातून, वेबसाइटच्या जागेच्या कंपनीला मेल पाठवले. पुन्हा पाठवले. तिच्या जुन्या मोबाईलचं कार्ड मागवून त्यातून काही निघतं का पाहिलं. कार्डात लग्नातले फोटो निघाले, आवाज निघाला नाही. कंपनीचं उत्तर आलं की स्वस्तातल्या योजनेत ते वेगळी प्रत ठेवत नाहीत आणि मालकाने स्वतः कायमचं काढलेलं परत देता येत नाही. बैल गेला आणि झोपा केला, अशी गत.

तेव्हा माझ्या ध्यानात आली ती गोष्ट सगळ्यांत वाईट होती. मी जर रीतसर गुन्हा दाखल केला असता, तर काय झालं असतं? लॅपटॉप आणि वेबसाइटचा मजकूर पुरावा ठरला असता. पुराव्याला कुणी हात लावू शकत नाही, आरोपी नाही, फिर्यादी नाही, वरिष्ठ निरीक्षकसुद्धा नाही. सगळ्याची प्रत काढून, सील करून, नंबर घालून मुद्देमालाच्या खोलीत ठेवावं लागलं असतं. मुलीला वर्षभर हेलपाटे पडले असते, मग ती सुटली असती, आणि आजीचा आवाज तिला जसाच्या तसा परत मिळाला असता. ज्या कायद्याची भीती घालून मी तिला वाचवत होतो, त्यानेच ते धवळे सांभाळले असते. मी दिलेल्या समजेने ते पुसले.

महिन्याभराने मी भाऊंच्या गावी गेलो. आधी देवळासमोरच्या मंडपात गावकीला जमवलं आणि सांगितलं की मुलीचा काही दोष नव्हता, जाहिराती तिने लावलेल्या नव्हत्या, तांत्रिक गैरसमज झाला होता, माफीनामा मी रद्द समजतो. तांत्रिक गैरसमज. हा शब्द मी वाटेत गाडीत जुळवून ठेवला होता. भाऊ म्हणाले, झालं गेलं साहेब, पोर आमचीच हाय. कुणी जास्त खोलात गेलं नाही. कुणाला जायचंही नव्हतं.

मग मी आजीच्या घरी गेलो. सुट्टीचा दिवस असल्याने मुलगी आजीपाशी आली होती. ओटीवर आजी खाटेवर टेकून बसली होती. तोंड एका बाजूला वाकलेलं, पण नजर लख्ख. तिला सगळं ऐकू यायचं आणि समजायचं. मुलीने खुर्ची दिली, पाणी दिलं. वागण्यात कुठेही कमीजास्त नव्हतं, आणि ते मला जास्त जड गेलं. मी म्हणालो, चूक माझी होती. दोन दिवस द्यायला हवे होते. भरून निघणारी गोष्ट नाही, तरी माफी मागायला आलो आहे.

मुलीने सांगितलं की ओळी तिच्या वहीत बऱ्याचशा आहेत, पण धवळ्यांची चाल वहीत उतरत नाही. शेजारच्या गावच्या दोन म्हाताऱ्यांकडे ती आता जाते, पण त्यांची चाल वेगळी, त्यांच्या गावची. आजीने मांडवाचा धवळा जसा म्हटला, तसा म्हणणारं कुणी उरलेलं नाही. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती, काम कुठवर आलंय ते सांगत होती. नव्या मोबाईलवर रेकॉर्ड करते आणि तीन ठिकाणी प्रत ठेवते, असंही म्हणाली.

निघताना तिने मला ओटीच्या पायरीवर थांबवलं.

“साहेब, एक विचारू? काढून टाकायच्या आधी तुम्ही त्यातला एखादा तरी धवळा ऐकला होता का?”

पंचनाम्यात मी त्या पानाचं अंग न् अंग लिहिलं होतं. फोटो कुठे, मजकूर कुठे, जाहिराती किती. प्रत्येक फोटोखाली एक बटण होतं, ते दाबलं की आजी गायला लागली असती. ते बटण आहे अशीही नोंद त्या पंचनाम्यात आहे. मी ते दाबलं नव्हतं. खाटेवरून आजी माझ्याकडे बघत होती. मी नाही म्हणालो.

“मला वाटलंच,” मुलगी म्हणाली. “ऐकला असता तर तुम्ही काढायला लावला नसता.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिचा खरोखर तसा विश्वास होता. नोकरीने मला काय शिकवलं असं लोक विचारतात, तेव्हा मी पुरावा, पंच, कार्यपद्धती असं काहीबाही सांगतो, आणि तेही खोटं नाही. पण मी स्वतःला इतकी वर्षं ओळखतो. त्या दिवशी बाहेर बाकावर माणसं बसली होती, त्यांना निकाल हवा होता आणि मला त्यांचा नमस्कार हवा होता. मी तो धवळा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला असता, तरी काढायलाच लावला असता. हे मी त्या पोरीला सांगितलं नाही. तिच्याकडून माझ्याविषयीचं एवढं एक चांगलं मत घेऊन मी पायरी उतरलो, आणि ते तिला परत करायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.